कर्ता वगळून

आमच्या समोर राहणाऱ्या लिंबाजीरावांना एकदा कुत्रं चावलं. पोटरीला फडकं गुंडाळून ते आमच्याकडे आले, चपला पायरीखाली काढल्या आणि ओट्यावर ताठ उभे राहून म्हणाले, "बाई, आज सकाळी साडेसातच्या सुमारास डाव्या पोटरीस चावा घेण्यात आलेला आहे."

मी घाबरून विचारलं, कुणाच्या कुत्र्यानं? ते आमच्या पत्र्यांकडे बघू लागले.

"त्याचा उल्लेख आवश्यक न्हाई. फक्त संबंधित कुत्र्यास लस टोचण्यात आलेली आहे किंवा कसे, एवढंच समजून घ्यायचं होतं."

आता गावातल्या कुठल्या कुत्र्याला लस टोचली आहे हे मला कसं माहीत असणार? मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली, चहा घेतला, बशी उलटी करून कपावर ठेवली आणि ते लंगडत निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या मंडळी, कौसाबाई, गल्लीच्या पलीकडून ओरडल्या, "अहो बाई, तुमच्याच मोत्यानं धरलं की त्यांना! सांगितलं न्हाई का?"

सांगितलं होतं. फक्त कर्ता वगळून.

तन्वी, मागे तू फोनवर म्हणालीस की तुझ्या निबंधात जिथं जिथं पॅसिव्ह व्हॉइस येतो तिथं कॉम्प्युटर निळी रेघ ओढतो, आणि तुझ्या शिक्षिका तर तो वापरूच नका असं म्हणतात. ईशानला मात्र प्रयोगाच्या वहीत तोच लागतो. 'मी द्रावण तापवलं' असं लिहून चालत नाही. द्रावण तापवलं गेलं पाहिजे. मग खरं काय, असं तू विचारलंस. मी तेहतीस वर्षं जालन्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. उत्तर तोंडावर यायला हवं होतं. ते आलं नाही. लिंबाजीराव डोळ्यांसमोर आले. म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी हे लिहिते. बाकी कुणी वाचलं तरी हरकत नाही.

लिंबाजीराव मूळचे घनसावंगीकडचे. पाटबंधारे खात्याच्या एका लहान कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर लागले. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा आणि टपाल रवाना करायचं. पुढे बडे बाबू होऊन निवृत्त झाले. उंच, वाळलेले, मनगटाशी बटण लावलेला पांढरा शर्ट. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दहाच्या ठोक्याला ते ओसरीवरच्या टेबलाशी बसतात. एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात जाणारी माणसं मोटारसायकल थांबवून त्यांच्याकडून रजेचे अर्ज लिहून नेतात. कुणाला शाळेचा दाखला हवा असतो, कुणाला मीटरची तक्रार करायची असते. लिंबाजीराव सगळ्यांना इंग्रजीत लिहून देतात, आणि त्या इंग्रजीत कुणीच कधी काही करत नाही. सगळं केलं जातं. ताप येतो असं नाही, तापाने पीडित केलं जातं. मीटर बंद पडलं असं नाही, मीटर बंद असल्याचं निदर्शनास आणलं जातं. खाली सही करणारा माणूससुद्धा 'मी' नसतो. तो 'द अंडरसाइन्ड' असतो.

हे त्यांना शिकवलं त्यांच्या पहिल्या साहेबांनी. ते हैदराबादेत शिकलेले, कायम तोंडात पान. त्यांनी नव्या बाबूला समोर बसवून सांगितलं होतं की इंग्रजीत क्रियापदाच्या मागून 'बाय' आला की त्याच्या मागून माणसाचं नाव येतं, आणि नावाच्या मागून चौकशी. "कागदावर बाय आला की नोकरी बाय-बाय," हे लिंबाजीराव आजही सांगतात, पण हसत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो विनोद नाही, नियम आहे.

कागदापुरतं असतं तर ठीक होतं. पण तीस वर्षं हाताला लागलेलं वळण जिभेलाही लागलं. मराठी कचेऱ्यांत 'करण्यात येते' आणि 'कळविण्यात येते' आधीच मुबलक. लिंबाजीराव ते घरी घेऊन आले. शाळेच्या बक्षीस समारंभात मी त्यांना आभार मानायला उभं केलं होतं. पाच मिनिटं आभार मानले जात होते, मानले जात होते, पण कुणाचे ते पाहुण्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते हार हातात घेऊन बसून राहिले.

कौसाबाईंचं या सगळ्याशी फार जुनं भांडण आहे. भाजीत मीठ जास्त झालं की लिंबाजीराव म्हणतात, "मीठ जास्त पडलेलं दिसतं." कौसाबाई म्हणतात, "पडलं न्हाई, म्या टाकलं. ह्या घरात माझ्या हातून तरी काहीतरी होतंय. बाकी सगळं आपोआप होऊन राह्यलं." एकदा मी सहज विचारलं, तुमचं लग्न कसं जमलं? लिंबाजीराव म्हणाले, "मुलगी दाखवण्यात आली. पसंती कळविण्यात आली."

"कुणाची पसंती," कौसाबाई आतून म्हणाल्या, "ते मला अजून कळलं न्हाई."

मी हे सांगते आहे म्हणून तुम्ही हसाल, पण त्यांचं हे व्याकरण गल्लीच्या कामाला किती आलं तेही सांगायला हवं. कोपऱ्यावरचा दिवा दोन वर्षं बंद होता. एके दिवशी लागला. कुणी अर्ज केले, कुणी नगरपालिकेच्या खेपा घातल्या, ते विचारल्यावर लिंबाजीराव म्हणाले, "पाठपुरावा करण्यात आला." कोपऱ्यावरच्या घरातल्या शेख भाभींचं रेशनकार्ड फाटलं होतं, ते नवीन झालं. "झालं," ते म्हणाले. ते कधी पुढे आले नाहीत. त्यांच्या वाक्यात 'मी'ला जागा नव्हती, तेव्हा मोठेपणालाही नव्हती. मला त्याचं कौतुक वाटायचं. वर्गात मी मुलींना सांगायची की पॅसिव्ह हा सभ्य माणसाचा प्रयोग आहे, आणि सांगताना माझ्या डोळ्यांसमोर लिंबाजीराव असायचे. मुलींमध्ये त्यांची सुरेखाही बसलेली असायची.

सुरेखा ही त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या हाताखाली शिकलेल्या हुशार मुलींतली एक. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. त्या काळी फॉर्म कागदावर भरायचा आणि पोस्टानं पाठवायचा. तिनं तो माझ्याकडे बसून भरला, दाखल्यांच्या नकला जोडल्या आणि वडिलांकडे दिला, कारण कचेरीतून टपाल रोज जायचं आणि जावकचं टेबल त्यांचंच होतं. यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. चौकशी केली तर कळलं, फॉर्म पोचलेलाच नाही.

शेख भाभींचे यजमान रहीमभाई आमच्या गल्लीचे पोस्टमन होते, आणि लिंबाजीरावांच्या कचेरीचं टपालही तेच न्यायचे. ते गल्लीतच, कोपऱ्यावरच्या घरात राहतात. सुरेखा भर दुपारी त्यांच्या सायकलपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चाचा, माझा कागद कुठं टाकला?" रहीमभाई एक पाय खाली टेकवून उभे होते. ते म्हणाले, "बेटी, मेरे हाथ में आया हुआ कागज आज तक गिरा नै." तिनं विश्वास ठेवला नाही. गल्लीनंही ठेवला नाही. मीही नाही. त्यानंतर मी माझी महत्त्वाची पत्रं स्वतः टपाल कचेरीत नेऊन टाकू लागले. रहीमभाईंनी ते पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी सुरेखाचं लग्न झालं आणि ती वाटूरला गेली. माणसं चांगली, मोसंबीची बाग. चोवीस वर्षं ती माहेरी येत राहिली आणि चोवीस वर्षं रहीमभाईंच्या दारावरून जाताना तिनं पदर सारखा केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

यंदा उन्हाळा संपता संपता ती आली. तिच्या ऋतुजाला संभाजीनगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. आता सगळं मोबाइलवर होतं, पण त्या हॉस्टेलला पालकांचं एक इंग्रजी पत्र हवं होतं. तिनं मलाही बोलावून घेतलं. ओसरीवर बसून ती वडिलांना म्हणाली, "आप्पा, पत्र तुमच्याच हातचं पायजे. पण मी स्वतः घेऊन जाणार. पोस्टाच्या भरवशावर न्हाई सोडायची. माझा फॉर्म गेल्ता ना पोस्टात, तसं पोरीचं नको."

समोर कोपऱ्यावर रहीमभाई दारात खुर्ची टाकून मेथी निवडत होते. आता त्यांना कमी ऐकू येतं. सुरेखानं एकदा तिकडे पाहिलं आणि पाठ केली.

लिंबाजीरावांनी पत्र लिहिलं. सुंदर, एकही खाडाखोड नाही. फक्त मधे दोनदा त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. हातात चार घड्यांचा एक कागद. म्हणाले, इंग्रजी तपासून हवं आहे. इतक्या वर्षांत त्यांनी त्यांचं इंग्रजी कुणाला तपासायला दिलं नव्हतं. कागदावर वर नाव नव्हतं, 'विषय : जुन्या अर्जाबाबत' एवढंच होतं, आणि खाली एक वाक्य. 'इट इज रिग्रेटेड दॅट द फॉर्म वॉज नॉट सेंट इन टाइम.' फॉर्म वेळेत पाठवला गेला नाही, याबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.

मी कुणाचा फॉर्म म्हणून विचारलं. एका जुन्या प्रकरणातला, ते म्हणाले. मास्तरकीची सवय, म्हणून मी वाक्याला बरोबरची खूण केली आणि वर्गात विचारायचे तसं पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'कोणाकडून?'

लिहिलं आणि मग मला कळलं.

ते त्या पेन्सिलीच्या अक्षरांकडे बघत होते. मग म्हणाले, "ते लिहिलंच पाहिजे का?"

"व्याकरणाला नाही लागत," मी म्हटलं. "वाक्य त्याशिवायही बरोबर आहे. सुरेखाला लागेल."

त्यांनी कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या आणि चहा न घेता गेले.

त्यानंतर चार दिवस ओसरीवरचं टेबल रिकामं होतं. कारखान्याला जाणारी माणसं थांबून हाका मारून निघून जात होती. कौसाबाई मला विचारून गेल्या की ह्यांना काय झालं असेल. जेवायला बसतात आणि नुसते ताटाकडे बघत राहतात. मी माहीत नाही म्हटलं. तेही पूर्ण खरं नव्हतं.

पाचव्या दिवशी ते आले. नवीन कागद. 'द फॉर्म वॉज नॉट पोस्टेड बाय मी.' अक्षर नेहमीसारखंच घोटीव, फक्त शेवटचे दोन शब्द बाकीच्यांपेक्षा बारीक.

मी वाचलं आणि पेन्सिल उचलली. कारण ते वाक्य चुकलं होतं. व्याकरणानं नाही, अर्थानं. 'माझ्याकडून पोस्टात टाकला गेला नाही' याचा अर्थ असाही होतो की मी नाही टाकला, दुसऱ्या कुणीतरी टाकला. वाचणारा त्यातून लिंबाजीरावांना सोडवू शकत होता. पुन्हा रहीमभाईच अडकले असते. मी त्यांना हे समजावून सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "आयुष्यभर चुकवत आलो, बाई. आता लिहून राह्यलो, तर व्याकरण आडवं येतं."

मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, मधे थांबत. सुरेखानं फॉर्म दिला त्याच आठवड्यात घनसावंगीहून त्यांच्या वडिलांचा निरोप आला होता की पोरीला नर्स करणार असशील तर गावाकडे तोंड दाखवू नको. वडिलांना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. मुलीला नाही म्हणणं तर त्याहून जमलं नाही. त्यांनी फॉर्म टेबलाच्या खणात टीपकागदाखाली ठेवला. रोज सकाळी खण उघडायचा, पाहायचं, बंद करायचा. आज नंबर देऊ, उद्या देऊ. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मुदत उलटून गेली. यादी लागल्यावर ते घरी येऊन म्हणाले, "फॉर्म पोचलेला न्हाई असं समजतं." सुरेखानं विचारलं, पोस्टात गेला का? ते पाय धुवायला मोरीत गेले. परत आले तेव्हा रहीमभाईंचं नाव ठरून गेलं होतं. ठरवलं होतं सुरेखानंच. त्यांनी फक्त जागा रिकामी ठेवली होती.

कर्त्याची जागा रिकामी ठेवली की ती तशीच राहत नाही, कुणीतरी तिथं बसवला जातो, हे मी तेहतीस वर्षं मुलींना का नाही सांगितलं, एवढंच मनात येत राहिलं.

वाक्य आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केलं. 'नॉट' काढायचा, जे झालं नाही ते लिहायचं नाही, जे केलं ते लिहायचं, असं ठरलं. त्यांनी माझ्याच टेबलावर लिहिलं. 'द फॉर्म वॉज केप्ट इन माय ड्रॉवर बाय मी.' फॉर्म माझ्या खणात माझ्याकडून ठेवण्यात आला. मी म्हटलं, लिंबाजीराव, मराठीत लिहिलंत तर सोपं जाईल. ते म्हणाले, "इंग्रजीत हात थरथरत न्हाई."

ऋतुजाला हॉस्टेलला पोचवायला निघाली तेव्हा सुरेखा तिला घेऊन आधी माहेरी आली. दोन बॅगा, एक बादली, बादलीत गुंडाळलेली उशी. तिथून रिक्षानं बसस्टँडला जायचं होतं. कौसाबाईंनी मलाही जेवायला बोलावलं होतं. पानं वाढायच्या आधी लिंबाजीरावांनी तो कागद सुरेखाच्या हातात दिला आणि स्वतः दाराच्या चौकटीशी जाऊन उभे राहिले.

तिनं दोनदा वाचला. तिचं इंग्रजी चांगलं होतं. तरी ती म्हणाली, "आप्पा, मराठीत सांगा."

"तो फॉर्म," ते म्हणाले. "खणात ठेवण्यात आल्ता."

"कुणी ठेवला?"

आत कौसाबाईंची पळी थांबली. ऋतुजानं मोबाइल खाली ठेवला.

"म्या," लिंबाजीराव म्हणाले.

साहेबानं घासूनपुसून शिकवलेल्या सगळ्या इंग्रजी-मराठीच्या खालून हा त्यांच्या गावाकडचा शब्द आला. मग ते आणखी म्हणाले, "रहीमभाईचा काही संबंध न्हवता. पोस्टात गेलाच न्हाई."

सुरेखा रडली नाही, ओरडली नाही. तिनं कागद पर्समध्ये घातला. ऋतुजाला चल म्हणाली आणि दोघी गल्ली ओलांडून पलीकडे गेल्या. आम्ही ओसरीवरून पाहत होतो. ती रहीमभाईंच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर भाभींनी चहा आणला. तो तिनं घेतला, पोरीलाही घ्यायला लावला.

तिकडे काय बोलणं झालं ते मला नंतर रहीमभाईंनीच सांगितलं. मी माझ्या वाट्याची माफी मागायला गेले होते. ते म्हणाले, "बाई, मैं तो उसी दिन समझ गया था. थैले में कागज आयाच नै, तो गिरता कैसे? मगर बेटी के सामने बाप का नाम कैसे लेना?" म्हणजे इतकी वर्षं त्यांनीही ते नाव घेतलं नव्हतं. दोघांच्या गप्प राहण्यात किती फरक होता, ते मी घरी येईपर्यंत मनात मोजत होते.

त्या दिवशी रहीमभाईंकडून परत आल्यावर सुरेखा जेवली नाही. आईला येते म्हणाली, मला नमस्कार केला. लिंबाजीरावांनी एक बॅग उचलून रिक्षापर्यंत नेली. तिनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः आत ठेवली. रिक्षा वळेपर्यंत ते गल्लीत उभे होते. ऋतुजानं मागे वळून हात केला. सुरेखानं नाही.

मग तिचे फोन बंद झाले. एरवी दर रविवारी यायचा. तीन रविवार गेले. कौसाबाईंचाही राग काही कमी नव्हता. पोटच्या पोरीचं असं झालं आणि मलाबी न्हाई सांगितलं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. नवऱ्याशी त्या बोलेनाशा झाल्या, आणि बोलल्याच तर त्याच्याच भाषेत. "जेवण वाढण्यात आलेलं आहे." "पाणी तापवण्यात आलेलं आहे." लिंबाजीराव मुकाट्यानं उठायचे. दुपारी ते रहीमभाईंकडे जाऊन स्टुलावर बसायचे. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. भाजी मात्र दोघं मिळून निवडायचे.

तेव्हा तन्वी, निळ्या रेघेचं असं आहे. ती दिसली म्हणून लगेच वाक्य बदलू नको. ईशानचं द्रावण कुणीही तापवलं तरी तितकंच तापतं, तिथं कर्ता नसला तरी चालतो. माणूस कोण होतं ते खरंच माहीत नसेल, तरी चालतं. माझ्या मोत्याचं नाव लिंबाजीरावांनी गाळलं, तेही चालतं. पण रेघ दिसली की क्षणभर थांबून त्या वाक्यातला माणूस कुठं गेला ते बघ. तो तूच असशील, तर त्याला हाताला धरून परत आण. हे मला पुस्तकातून शिकवता आलं असतं. शिकवलं नाही, एवढं खरं.

गेल्या रविवारी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. लिंबाजीराव फाटकाशी आले. पायात चपला नव्हत्या, शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"सुरेखाचा फोन आल्ता," ते म्हणाले.

काय म्हणाली, मी विचारलं.

"रागावली. लई रागावली. नर्सिंगचं, लग्नाचं, तिच्या आजोबांचं, सगळं काढलं. पोरीच्या हॉस्टेलात गेली तर तिथल्या पांढऱ्या कपड्यातल्या पोरी बघून तिला रडू आल्तं, ते सांगितलं. माझ्या गोळ्या मी वेळेवर घेत न्हाई, त्याच्यावरून बी रागावली."

"तुम्ही काय म्हणालात?"

"ऐकून घेतलं."

मी त्यांना आत बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. फाटकाची कडी हातात धरून उभे होते.

"मधीच फोन कट झाल्ता, बाई," ते म्हणाले. "मला वाटलं संपलं. तिनं परत लावला."